मदत हवी आहे: नवरा जर्मनीत, लग्नाची नोटीस सोलापुरात

धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात इथे सोलापुरात आहे. सकाळी अंतरपाट-मंगलाष्टका, मग १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी. नवरा जर्मन, रजा तीनच आठवडे. नोटिशीनंतर मात्र ३० दिवस थांबावं लागतं. म्हणून नोटीस आधीच द्यायची आहे, ती तीन महिने चालते. बहीण इथेच राहते, त्यामुळे रहिवासाची अडचण नाही. त्याचा पासपोर्ट, जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला तयार आहे. दोन वकिलांना विचारलं, दोघांची उत्तरं वेगळी. जर्मनीत नोंदणी करा असं कृपया सुचवू नका; तीन साक्षीदारांत आईची सही हवीच, आणि तिला एवढा प्रवास झेपत नाही.

ज्यांनी इथे असं लग्न केलंय त्यांनी सांगा: नोटीस देताना नवऱ्याला स्वतः हजर राहावं लागलं, की तिकडून सही करून पाठवलेला अर्ज चालला?