एल्कच्या शिकारीला एकच सॅक: दिवसभर वागवायची आणि मांसही वाहायचं?

मावळा_डेन्व्हर:
नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच मादी एल्कचा (इथलं भलंमोठं हरीण) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, मिळालाय. कोलोरॅडोतला दुसरा रायफल सीझन, म्हणजे ऑक्टोबरची अखेर, फ्लॅट टॉप्सच्या डोंगराळ भागात. हंटर एज्युकेशनचं कार्ड झालं, रायफल झीरो झाली, म्हणजे नेम जुळवून झाला, घोडं अडलंय सॅकपाशी.

पुण्याहून आणलेली ४० लिटरची ट्रेकिंग सॅक आहे. राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड तिच्यावरच केले, इथले फोर्टीनर, म्हणजे चौदा हजार फुटांवरचे डोंगरही. पण तिच्यातून एल्कची मांडी वाहून आणायची म्हटलं की कल्पनेनेच शिवण उसवते. मला दोन सॅक घ्यायच्या नाहीत. दिवसभर पाण्याच्या बाटल्या, जॅकेट, डबा, सुऱ्या घेऊन फिरता येईल आणि शिकार झालीच तर तीच मांस वाहील, अशी एक हवी. उन्हाळ्यात डोंगर चढायलाही चालली तर बायकोला हिशोब देणं सोपं जाईल. बजेट ५०० डॉलर, ताणलं तर ६००. किती लिटरची घ्यावी?

कडेकपारी:
आहे ती सॅकच न्या. ट्रकमध्ये एक साधी फ्रेट फ्रेम टाकून ठेवा, म्हणजे पिशवी नसलेला नुसता अल्युमिनियमचा सांगाडा. आल्प्स कंपनीची कमांडर नव्या महागड्या सॅकपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. शिकार झाली की ट्रककडे जायचं, फ्रेम घ्यायची, परत यायचं. दिवसभर अडीच किलोची फ्रेम उगाच का मिरवा?

ग्रँडमेसा_काका:
कडेकपारींचं चूक नाही, पण तो सल्ला रस्त्यालगत शिकार करणाऱ्याचा. मावळ्या, तुझा ट्रक तीन किलोमीटरवर असेल तर त्या पद्धतीत तुझी पहिली फेरी रिकामी गेली. फ्रेम पाठीवर असेल तर त्याच फेरीत एक मांडी आणि पाठीचं मांस खाली येतं.

हिशोब मांड. मादी एल्कचं हाडं काढलेलं मांस साधारण ७० किलो धर. एकट्याने तीन खेपा केल्यास तीनदा ओझं घेऊन खाली आणि दोनदा मोकळं वर, म्हणजे पाच वाऱ्या, १५ किलोमीटर. चार खेपा केल्यास सात वाऱ्या, २१ किलोमीटर. तेही नऊ-दहा हजार फुटांवर. फ्लॅट टॉप्समध्ये तर १९४०च्या दशकात भुंग्यांनी स्प्रूसची जंगलंच्या जंगलं मारली, त्यांचे ओंडके अजून कुठे कुठे आडवे पडलेत. प्रत्येकावर पाय टाकून पलीकडे जायचं. म्हणून खेप वाचवणारी सॅक ती चांगली सॅक. बाकी खिसे, चेनी, रंग, सगळं नंतर.

आता तुझा प्रश्न. लिटर विचारूच नकोस. मांस पिशवीत भरायचंच नसतं. या सॅकमध्ये पिशवी फ्रेमपासून सुटी करता येते आणि मधल्या फटीत मांस बसतं. त्याला लोड शेल्फ म्हणतात. फ्रेम, मग मांस, मग पिशवी, आणि वरून बाजूचे पट्टे आवळायचे. तुझं जॅकेट, डबा पिशवीत कोरडे राहतात. मांस नसेल तेव्हा हीच पिशवी फ्रेमवर चपटी बसते. तेव्हा पिशवी ३० लिटरची असो की ६०ची, वजन पेलते ती फ्रेम आणि कमरेचा पट्टा. पैसे तिथे घाल.

फ्रेमची उंची बघ. खांद्याच्या वर चार-पाच इंच तरी गेली पाहिजे. खांद्याच्या पट्ट्याला वरून दोन छोटे पट्टे असतात ना, लोड लिफ्टर, ते खांद्यापासून तिरके वर गेले तरच वजन खांद्यावरून उचलून कमरेवर टाकतात. फ्रेम बुटकी असेल तर ते आडवे पडतात आणि शोभेपुरते उरतात. बहुतेक डे-पॅक इथेच मार खातात. जाहिरातीत ‘मीट हॉलर’ लिहिलेलं असतं, आत प्लॅस्टिकचा पातळ पत्रा.

मांस हे फार लबाड ओझं आहे. हाडं काढली की वजन कमी होतं, पण ते घसरत खाली जातं, गोळा होतं आणि पार्श्वभागावर लोंबतं. पाऊल टाकलं की ते मागे ओढतं. वजन पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मधोमध हवं. शेल्फच्या तळाशी स्लीपिंग पॅड किंवा जॅकेटची गुंडाळी ठेव आणि तिच्यावर मांसाची कापडी पिशवी चढव. हाडासकट मांडी असेल तर ती आकार धरते, बांधायला सोपी. जाड बाजू वर ठेव.

हाडं काढताना एक भान: लिंगाची खूण, म्हणजे नर की मादी हे दाखवणारा भाग, मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवावी लागते, कापून खिशात टाकलेली चालत नाही. आणि जड झालं म्हणून पुढचे फरे रानात सोडून आलो, हेही चालत नाही. चारही पाय, पाठीचं मांस, आतले टेंडरलॉइन आणणं कायद्याने बंधनकारक आहे. आधी ठरव की तुझी पाठ किती पेलते, मग ठरव रस्त्यापासून किती आत जायचं.

कंपन्या विचारशीलच. स्टोन ग्लेसियर आणि मिस्टरी रँच या माँटानातल्या बोझमनमध्ये सुरू झालेल्या, एक्सो आयडाहोतल्या बॉयसीची, सीक आउटसाइड आमच्या ग्रँड जंक्शनची. चौघींच्या फ्रेमवर मी मांस वाहिलेलं पाहिलंय, चौघी चालतात. तुझ्या बजेटमध्ये नवी कोरी फ्रेम-पिशवी बसेल न बसेल. वापरलेली घे, फ्रेम सहसा मरत नाही. मिस्टरी रँचची पॉप अप २८ म्हणून एक निघाली होती, तिची फ्रेम दिवसभर खाली बसते आणि ओझं आलं की वर ओढून उंच करता येते. तुझ्या वर्णनाला सगळ्यात जवळची तीच. पण तिचा पट्टा मोठ्या फ्रेमइतका दणकट नाही, २५ किलोच्या वर मी तिला ताणणार नाही.

मावळा_डेन्व्हर:
काका, सणसणीत! त्या १५ किलोमीटरच्या हिशोबाने पाय आत्ताच दुखायला लागले. शिकार ओढून आणायची दोन चाकांची गाडी, गेम कार्ट, मिळते, ती ट्रकमध्ये ठेवली तर?

ग्रँडमेसा_काका:
तू नॅशनल फॉरेस्टमध्ये असशील तर चालेल, वाट बरी असेल तिथे. पण त्यातच फ्लॅट टॉप्स विल्डरनेस म्हणून राखीव रान आहे, त्याच्या हद्दीत गेलास की नाही. १९६४च्या कायद्याने तिथे मोटारच नव्हे, सायकल आणि ढकलगाडीसुद्धा बंद. घोडा, खेचर किंवा स्वतःची पाठ. नकाशावर हद्द आधी बघून ठेव.

सह्याद्रीचा_वारा:
माफ करा, पण मराठी मंचावर शिकारीच्या सॅकची चर्चा वाचून कसंतरीच झालं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बंद आहे आणि ते योग्यच आहे.

मावळा_डेन्व्हर:
योग्यच आहे, वाद नाही. इथली व्यवस्था वेगळी. किती टॅग द्यायचे ते राज्याचं वन्यजीव खातं कळपाच्या संख्येवरून ठरवतं. रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर असतो, तो १९३७च्या कायद्यानुसार वन्यप्राण्यांच्या संवर्धनाकडे जातो. मांस घरीच खायचं, विकायला बंदी. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही, पण धागा सॅकचा आहे, तिकडेच राहू.

मीरा_बोझमन:
काकांनी उंच फ्रेमचं सांगितलं ते माझ्यासारख्या पाच फूट एक इंचवालीला जसंच्या तसं लागू पडत नाही. आधी धडाची लांबी मोजा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका टोचतो तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप लावा. एकूण उंचीवरून फ्रेम घेऊ नका. माझ्या नवऱ्याची आणि माझी उंची पाच इंचांनी वेगळी आहे, धडाची लांबी जवळपास तीच.

पट्टा कमरेच्या हाडाच्या कडेवर बसला पाहिजे, पोटावर नाही. बायकांना वळणदार पट्टा लागतो, सरळ पट्टा खाली सरकत राहतो. आणि दुकानात रिकामी सॅक चढवून आरशात बघू नका! रिकामी कुठलीही सॅक छान वाटते. किमान २० किलो भरायला सांगा आणि दुकानात अर्धा तास फिरा. दुकानदार कंटाळला तरी फिरा.

ग्रँडमेसा_काका:
मीराताई, लाख बोललात. ऑनलाइन घेतली तर घरी करायचं. देशी दुकानातल्या तांदळाच्या २० पौंडी पिशव्या शेल्फमध्ये बांध, दोन म्हणजे १८ किलो. तांदूळ मांसासारखाच घसरतो, म्हणून जिममधल्या लोखंडी चकत्यांपेक्षा हे बरं. जिना चढ, उतर. उतरताना खरी परीक्षा.

राहिलेलं एक. रायफल सीझनमध्ये कमरेच्या वर ५०० चौरस इंच झळाळता केशरी किंवा गुलाबी रंग लागतो, टोपीसकट. मोठी फ्रेम पाठीवर चढली की तुझं जॅकेट मागून झाकलं जातं. सॅकवर केशरी कव्हर घाल. एल्कचा पाय पाठीवर बांधून झुडपातून चाललेला माणूस लांबून कसा दिसत असेल, विचार कर.

मावळा_डेन्व्हर:
मंडळी, अपडेट. बोझमनवाल्यांपैकी एकीची वापरलेली फ्रेम आणि ५० लिटरची पिशवी मिळाली, बजेटमध्ये. पिशवीच्या तळाला रक्ताचे जुने डाग आहेत, म्हणजे आधीच्या मालकाचं नशीब बरं होतं. सोना मसुरीच्या दोन पिशव्या बांधून लेकवूडच्या ग्रीन माउंटनवर जाऊन आलो. खांद्यांवर जवळजवळ काही नाही. पण उतरताना डाव्या कमरेला पट्टा घासतो, लाल वळ उठलाय. फ्रेम चुकली का?

ग्रँडमेसा_काका:
फ्रेम ठीक आहे. पँटला चामडी पट्टा होता ना? बक्कल आणि लूप सॅकच्या पट्ट्याखाली येतात आणि तिथेच सोलतं. तो काढ, गॅलस लाव. डाव्या खिशातला फोन आणि किल्ल्या वरच्या खिशात घाल. सॅकचा पट्टा बोटभर वर घेऊन आवळ, मग खांद्याचे पट्टे, शेवटी लिफ्टर, याच क्रमाने. डाग थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने जातील. गरम पाणी लावू नकोस, रक्त पक्कं बसतं. पुढच्या रविवारी तिसरी पिशवी बांध आणि वळ कुठे उठतो ते कळव.