मदत हवी आहे: द्राक्षबागेतले लोरा नोड पहाटे गप्प होतात

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी नाशिकला एम.ई. करते, ईअँडटीसी, दुसरं वर्ष. घर दिंडोरी तालुक्यात, घरची द्राक्षं, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. बागेत लोराचे (लांब पल्ल्याचा, कमी वीज खाणारा रेडिओ) वायरलेस सेन्सर बसवायचे आणि ते जाळं ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत कसं टिकतं ते मोजायचं, एवढाच माझा प्रबंध. काकांना त्यातून एवढंच हवंय की पानं किती तास ओली राहिली ते मोबाइलवर दिसावं, म्हणजे डाऊनी रोगाची फवारणी अंदाजाने नको.

नऊ नोड, म्हणजे सेन्सरचे डबे, आहेत. प्रत्येकात ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), एसएक्स १२७६ चं लोरा मॉड्यूल, मातीचा आणि पानाचा ओलावा मोजणारे सेन्सर, एक १८६५० लिथियम सेल, तळहाताएवढं सोलर पॅनल. सगळं इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या पांढऱ्या जंक्शन बॉक्समध्ये, भोकं एम-सीलने बुजवलेली. बॉक्स मांडवाच्या अँगलला कमरेच्या उंचीवर बांधलेत. दर दहा मिनिटांनी दहा बाइटचा एक निरोप. निरोप ऐकून सर्व्हरकडे पाठवणारा गेटवे आठ चॅनलचा, आमच्या गच्चीवर टाकीशेजारच्या पाइपला. बँड ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा, आपल्याकडे परवानामुक्त.

पाच नोड घराजवळच्या प्लॉटमध्ये आहेत, एसएफ ७ वर (एसएफ जितका मोठा तितका निरोप सावकाश, पण लांब जातो), १४ डीबीएम ताकदीने. उरलेले चार काकांच्या ओहोळापलीकडच्या प्लॉटमध्ये, गेटवेपासून साधारण पावणेदोन किलोमीटर. त्यांना एसएफ १२ आणि पूर्ण २० डीबीएम दिलेत, शिवाय निरोप मिळाल्याची पोच मागायला सांगितलंय. नोंदणी एबीपी पद्धतीने, म्हणजे किल्ल्या नोडमध्ये आधीच लिहिलेल्या, कारण सर्व्हरशी जॉइन होण्याचं झेंगट नको होतं.

ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली, आठवड्याभरात नोड बसवले. बाग नुसत्या काड्यांची. शंभरातले ९७-९८ निरोप यायचे. मी खूश, सर खूश, आलेख सरळ रेषेत. नोव्हेंबर संपेपर्यंत मांडव भरला आणि लांबच्या प्लॉटचं बिनसायला लागलं. आधी एक नोड गेला, मग दुसरा, मग तिसरा. चौथा बोलतो, पण अडखळत. जवळचे पाचही ठणठणीत.

दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, नोड जातात ते नेहमी पहाटे, चार ते साडेसहाच्या दरम्यान. त्या वेळी पानांवर दव असतं. दोन, गेलेला नोड सर्व्हरवरून काढून पुन्हा नव्याने टाकला की तो लगेच चालू होतो. दोन-तीन दिवस नीट चालतो आणि मग परत एका पहाटे गप्प.

सरांचं म्हणणं, ओली पानं सिग्नल खातात, तसंच लिही आणि पेपर पाठव. झाडोऱ्यात सिग्नल किती घटतो ते काढायच्या वाइसबर्गरच्या सूत्राने १०० मीटर पानांतून या बँडला साधारण १९ डीबी जातात, म्हणजे तर्क कागदावर बसतोही. पण माझं मन घेत नाही. जे दिसतंय ते खरंच पानांमुळे आहे हे मी कशावरून म्हणू? हवेत हरवलेला निरोप आणि दुसरीकडे कुठे हरवलेला निरोप यांत फरक कसा करायचा? इथे कोणी शेतात लोरा चालवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: टॉवरवाला

दूरसंचारमध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त. आधी उंची बघ. पावणेदोन-दोन किलोमीटरच्या लिंकला ८६६ मेगाहर्ट्झवर मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमध्ये सिग्नलला मोकळी लागणारी लांबट जागा) त्रिज्या १२-१३ मीटर येते. त्यातला ६० टक्के भाग मोकळा हवा. तुझा अँटेना कमरेला, मध्ये इतरांच्या बागा. पानं नसतानाही तू उधारीवरच चालली होतीस.

टकरीचा, म्हणजे दोन निरोप एकदम हवेत येण्याचा, हिशेबही करून टाकू. लोरावॅनमध्ये (लोरावर चालणाऱ्या जाळ्याचे नियम) नोड कुणाला विचारत नाही, आलं मनात की बोलतो. ही १९७१ ची हवाईची अलोहा पद्धत, अब्रॅमसनची. तुझा दहा बाइटचा निरोप एसएफ १२ वर सुमारे १.४८ सेकंद हवेत असतो, एसएफ ७ वर फक्त ०.०६. तीन चॅनल धरले तर चार नोडांत टक्कर पाऊण टक्कासुद्धा नाही. पण पोच न मिळाल्याने प्रत्येक जण आठ-आठदा ओरडला तर तीच पाच टक्क्यांवर जाते. शिवाय गेटवे पोच पाठवत असतो तेव्हा त्याला ऐकू येत नाही. पोच बंद कर. तरीही एवढ्याने नोड पूर्ण गप्प होणार नाही.

प्रतिसाद: सोल्डरगन

अगं, उत्तर तूच लिहिलंयस. सर्व्हरवरून काढून पुन्हा टाकल्यावर नोड लगेच चालतो ना? मग पानं मधल्या मध्ये गळून पडली का? सर्व्हरवर बटण दाबल्याने हवेतला सिग्नल सुधारत नाही.

गेटवेचा कच्चा लॉग उघड, सर्व्हरचा डॅशबोर्ड नको. लोरावॅनच्या फ्रेममध्ये मजकूर एन्क्रिप्टेड असतो, पण डिव्हाइसचा पत्ता आणि फ्रेम काउंटर (निरोपाचा अनुक्रमांक) उघडे असतात. गप्प झालेल्या नोडचा पत्ता तिथे दिसतोय का बघ आणि काउंटर किती आहे ते वाच. पैज लावतो, ०, १, २ असं काहीतरी असेल.

एबीपीमध्ये नोड रीसेट झाला की काउंटर शून्यावर येतो. सर्व्हरला आठवतंय की शेवटचा आकडा २५०० होता. त्यापेक्षा लहान आकडा आला की तो समजतो, कोणीतरी जुना निरोप रेकॉर्ड करून परत ऐकवतोय, आणि मुकाट्याने फेकून देतो. दिवसाला १४४ निरोप, म्हणजे २५०० गाठेपर्यंत १७ दिवस नोड मेलेलाच दिसणार. नोड बोलतोय, गेटवे ऐकतोय, दारावरचा वॉचमन आत सोडत नाहीये.

आता नोड रीसेट का होतो ते शोध. सेलचं व्होल्टेज ठरावीक करून देणारा रेग्युलेटर कोणता लावलायस?

प्रतिसाद: नवा सदस्य

सर्व्हरमध्ये फ्रेम काउंटर तपासणी बंद करायची सोय असते. टिक काढा, विषय संपला. आम्ही कॉलेजात तेच केलं होतं.

प्रतिसाद: सोल्डरगन

कॉलेजच्या टेबलावर ठीक आहे. ताईंचे काका उद्या याच ओलाव्याच्या आकड्यावर ठिबकचा व्हॉल्व्ह उघडतील. तपासणी बंद असेल तर कोणीही एखाद्या स्वस्त मॉड्यूलने एप्रिलमधला ‘माती कोरडी’ हा निरोप पकडून ठेवेल आणि फेब्रुवारीत ऐकवेल. किल्ली फोडायची गरजच नाही. काढणीच्या तोंडावर पाणी सुटलं तर मणी तडकतात, हे मी तिला सांगायला नको. शिवाय किल्ली तीच आणि काउंटर पुन्हा शून्यापासून म्हणजे मजकूर झाकणारा एईएसचा तोच कीस्ट्रीम दुसऱ्यांदा वापरला जातो. दोन फ्रेम शेजारी ठेवल्या की मजकूर सुटायला लागतो.

नीट उपाय म्हणजे ओटीएए, त्यात नोड सर्व्हरशी जॉइन होऊन दर वेळी नव्या किल्ल्या घेतो. एबीपीच ठेवायची असेल तर काउंटर ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) लिही. पण प्रत्येक निरोपाला लिहू नकोस. त्या चिपची ईईप्रॉम एक लाख लेखनांची, दिवसाला १४४ म्हटल्यावर दोन वर्षंही पुरणार नाही. दर ५० निरोपांनी एकदा लिही आणि सुरू होताना ५० ने पुढे उडी मार.

प्रतिसाद: निफाडकर

ताई, मला तुमचं डीबी-फीबी कळत नाही, माझी चार एकर बाग आहे. एकच विचारतो. ते सोलर पॅनल कुठं बसवलंय? बॉक्सवरच? म्हणजे मांडवाखाली?

ऑक्टोबरात काड्यांवर ऊन सरळ खाली येतं. आता मांडव भरल्यावर खाली माणूससुद्धा सावलीत जेवतो.

प्रतिसाद: धागाकर्ती

निफाडकर दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. हो. बॉक्सवरच. मांडवाखालीच.

काल पहाटे पाचला काकांना घेऊन लांबच्या प्लॉटवर गेले. थंडी अशी की मल्टिमीटरच्या पिना धरवत नव्हत्या. काकांनी टॉर्च धरला, मी बॉक्स उघडला. आत मुंग्यांचं कुटुंब आणि अँटेनाच्या कनेक्टरवर बोर्डो फवारणीची निळी खपली. सेल ३.६२ व्होल्ट. लॅपटॉप जोडून बघत बसले. निरोप पाठवायची वेळ झाली, एलईडी उजळला, विझला, आणि स्क्रीनवर पुन्हा पहिली ओळ: ‘नोड सुरू’. दहा मिनिटांनी परत तेच.

सोल्डरगन, रेग्युलेटर एएमएस १११७. त्याला स्वतःलाच व्होल्टभर लागतो. सेल ४.२ वर असेल तर पुढे ३.१ मिळतात, काम भागतं. सेल ३.६ वर आला की पुढे २.६ आणि प्रो मिनी २.७ च्या खाली स्वतःला रीसेट करतो. २० डीबीएमला मॉड्यूल १२० मिलिअँपिअर ओढतं, तेही दीड सेकंद. जवळचे नोड त्याच्या चोविसाव्या हिश्श्याएवढा वेळ बोलतात, म्हणून सावलीतही त्यांचे सेल भरलेले राहिले. आणि पहाट म्हणजे सेल सगळ्यात रिकामा आणि सगळ्यात गार. दवाचा संबंध नव्हता. गेटवेच्या लॉगमध्ये तिन्ही नोडांचे पत्ते दिसले. काउंटर ३, ०, १.

म्हणजे पानांनी सिग्नल खाल्ला नाही, ऊन खाल्लं. सरांना फोन केला तर आधी हसले, मग म्हणाले, हाच भाग सविस्तर लिही.

दुपारी पॅनल बांबूला बांधून मांडवाच्या वर काढले. कमी व्होल्टेज खाणारे एमसीपी १७०० रेग्युलेटर मागवलेत. पोच बंद केली, पॉवर १७ डीबीएमवर आणली, काउंटर ईईप्रॉममध्ये. नऊही नोडांना मी उदाहरणाच्या कोडमधली एकच किल्ली दिली होती हेही आता कबूल करते. बदलल्या.

तीन नोड परत आलेत. चौथा, जो अडखळत होता, तो मात्र अजून तसाच आहे. त्याचा काउंटर कधी शून्यावर गेलाच नव्हता, सेलही भरलेला. ऑक्टोबरात त्याचा आरएसएसआय (सिग्नलची ताकद) -११२ च्या आसपास असायचा, आता -१२१, आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) -१६ ते -१९. एसएफ १२ ची मर्यादाच -२०. हा तरी पानांचा असावा असं वाटतंय, पण आता ‘वाटतंय’ लिहायची भीती बसली आहे. बोर्डोची खपलीसुद्धा असू शकते. ती पुसून बघितली, फरक नाही. हे वेगळं कसं काढू?

प्रतिसाद: निफाडकर

त्यात काय ताई. एप्रिलात खरड छाटणी करालच ना? एका दिवसात सगळी पानं खाली. नोड हलवू नका, काही बदलू नका, छाटणीच्या आदल्या दिवसाचा आकडा आणि दुसऱ्या दिवसाचा आकडा घ्या.

पॅनल वर काढलंय तर फवारणी झाली की ओल्या फडक्यानं पुसत जा. ब्लोअर चालला की वर पण बसतंच.

प्रतिसाद: टॉवरवाला

आम्हाला लिंक मोजायला झाडं तोडून देणारं कोणी भेटलं नाही. निफाडकरांचं ऐक. फक्त छाटणीआधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर मोज, एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नकोस. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला माणसं, क्रेट, ट्रॅक्टर मध्ये येतील, ते दिवस वहीत लिहून ठेव.

प्रतिसाद: धागाकर्ती

लिहून ठेवते, टॉवरवाला काका. रेग्युलेटर आले की फोटो टाकेन. खरड छाटणीची तारीख घरी काकांना विचारली, ते म्हणाले, आधी माल तर जाऊ दे.