मदत हवी आहे: ‘द लिंकन लॉयर’मधल्या दोन शब्दांना मराठीत काय म्हणावं?

मायकल कॉनेलीच्या ‘द लिंकन लॉयर’चा (२००५) मराठीत परिचय लिहितोय. (पुढे कथानक फुटतंय, सांभाळून.)

बचावाचा वकील मिकी हॅलर लिंकन गाडीच्या मागच्या सीटवरून कामं उरकतो. त्याच्या सल्ल्याने जुन्या अशिलाने खुनाचा आरोप मान्य केला, मृत्युदंड टळला, जन्मठेप लागली. हा झाला ‘प्ली बार्गेन’. ‘तडजोड’ लिहिलं तर वाचकाला फिर्यादीशी केलेला समझोता वाटतो. ‘कबुलीजबाब’ म्हणजे तर पोलिसांपुढचा. आपल्याकडे ही सोय सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना नाहीच, त्यामुळे खुनात सौदा हे वाचकाला खटकणार. ‘शिक्षेचा सौदा’ चालेल का?

दुसरा शब्द ‘प्रिव्हिलेज’. खरा खुनी नवा अशील आहे हे कळूनही हॅलर गप्प, कारण झालेल्या गुन्ह्याबद्दल अशील जे सांगतो ते वकिलाला फोडता येत नाही. पुढच्या गुन्ह्यासाठी सल्ला मागितला तर मात्र हे संरक्षण उरत नाही. (आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२.) ‘विशेषाधिकार’ म्हटलं की विधानसभेतला हक्कभंग आठवतो. कोर्टात रोज वावरणारे बोलताना काय म्हणतात?