लोहखनिजाच्या टेलिंगचे ब्लॉक: कोपरे सुटतात, तडे जातात, सिमेंट वाढवू का?

डिचोलीकर:
गोव्यात डिचोली भागातल्या टेलिंगपासून (लोहखनिज धुतल्यावर उरणाऱ्या टाकाऊ गाळापासून) हाताच्या प्रेसवर २३०×१९०×१०० मिमीचे भरीव ब्लॉक करतोय. माल खाणीच्या गाळ साठवायच्या तळ्यातला, वाळवून चाळलेला, पिठासारखा बारीक. खाण खात्याची परवानगी आणि वाहतुकीचे पास आहेत. टेलिंग ९२ टक्के, ओपीसी (साधं पोर्टलँड) सिमेंट ८ टक्के, बाकी काही नाही. साच्यातून काढतानाच कोपरे सुटतात, आठवड्यात केसाएवढे तडे दिसतात आणि ओल्या ब्लॉकची ताकद २ न्यूटन प्रति चौ. मिमीच्या पुढे जात नाही. सिमेंट १२ टक्के करू का? पण मग कार्बन वाचवायच्या मूळ हेतूचं काय?

कचवाला:
सिमेंट अजिबात वाढवू नका. दोष मालाच्या बारीकपणात आहे. तळ्यात येतो तो खनिज धुतल्यावर उरलेला गाळ: हेमेटाइट आणि गोथाइट ही लोहखनिजं, केओलिन माती आणि थोडं क्वार्ट्झ. एवढ्या बारीक कणांवर सिमेंट पुरेसं पसरत नाही, पाणी जास्त लागतं आणि तेच पाणी उडालं की ब्लॉक आकसतो. तडे त्यामुळेच जातात.

आधी ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर माल धुऊन बघा, वर किती उरतं ते. दाबलेल्या ब्लॉकला निम्म्याहून जास्त वाळूच्या आकाराचे कण आणि १० ते १५ टक्के चिकणमाती हवी. तुमच्या मालात वाळू नसल्यातच जमा असणार. क्रशरची कच (खडी फोडताना निघणारा दगडाचा चुरा) ४.७५ मिमीतून चाळून घ्या आणि या प्रमाणाने सुरुवात करा: टेलिंग ४० किलो, कच ५२ किलो, सिमेंट ८ किलो. तिन्ही कोरडं मिसळून रंग एकसारखा झाला की मगच पाणी, कोरड्या मालाच्या १० टक्क्यांच्या आसपास, झारीने शिंपडत. मुठीत गोळा दाबून खांद्याच्या उंचीवरून टाका. चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर, चपटा होऊन एकसंध राहिला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी.

माल घमेल्याने मोजू नका, प्रत्येक ब्लॉकचा ओला माल काट्यावर तोला. तुमचा साचा ४.३७ लिटरचा आहे. ९.३ किलोपासून सुरू करून १०० ग्रॅमने वाढवत न्या. लोहामुळे हा माल साध्या मातीपेक्षा जड असतो, त्यामुळे मातीच्या ब्लॉकचे तयार तक्ते इथे चालत नाहीत. बाहेर काढताना आडवे पापुद्रे सुटले तर माल जास्त झाला, कोपरे ढासळले तर कमी.

स्लॅग_४५५:
वरचं सगळं पटलं. भर एवढीच की ओपीसीऐवजी पीएससी (पोर्टलँड स्लॅग सिमेंट) घ्या. आयएस ४५५ या भारतीय मानकाप्रमाणे त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी, असतो. साडेआठ-नऊ किलोच्या ब्लॉकमध्ये ८ टक्के म्हणजे ७०० ग्रॅम सिमेंट, ओपीसी असेल तर सुमारे ६०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. निम्मा स्लॅग असेल तर हा आकडा साडेतीनशेच्या आसपास येतो. याउलट १० टनांच्या ट्रकची ५० किलोमीटर जाऊन परत येणारी फेरी ब्लॉकमागे ६५-७० ग्रॅमच पडते. म्हणून कच आणायच्या डिझेलपेक्षा सिमेंटच्या किलोकडे लक्ष द्या.

पीएससी सावकाश घट्ट होतं. पाणी घातल्यावर अर्ध्या-पाऊण तासात घाणा (एका वेळी कालवलेला माल) संपवा, ब्लॉक सावलीत लावा, पहिला दिवस प्लास्टिकखाली, पुढे २८ दिवस गोणपाटावर पाणी. तुमच्या तड्यांचं दुसरं कारण इथे असू शकतं: उन्हात वाळत घातलेले ब्लॉक. चाचणीआधी २४ तास पाण्यात बुडवा. दाबलेल्या मातीच्या ब्लॉकसाठीच्या आयएस १७२५ मानकाची खालची श्रेणी ३.५ न्यूटनची आहे, ती या मिश्रणाने गाठता यायला हवी.

गोंदियाकर:
मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या टेलिंगला हेच प्रमाण चालेल का?

कचवाला:
नाही, आणि चाचणीशिवाय करूच नका. गोव्याचा माल ऑक्साइड आहे, तांब्याच्या टेलिंगमध्ये पायराइटसारखी सल्फाइडं राहतात. हवा-पाण्याने त्यांचं सल्फेट होतं, ते सिमेंटशी रिअॅक्ट होऊन फुगतं आणि भिंत आतून फुटते, तीही काही वर्षांनी. कॅनडात त्र्वा-रिव्हिएरला काँक्रीटच्या खडीत पायरोटाइट हे असंच लोहाचं सल्फाइड होतं, त्यात कित्येक घरांचे पाये गेले. एकूण गंधक, सल्फेट आणि जड धातू पाण्यात किती सुटतात हे प्रयोगशाळेतून काढून घ्या, मगच पुढचं बोलू.

स्लॅग_४५५:
डिचोलीकर, विकताना चिऱ्याशी (जांभ्या दगडाशी) तुलना टाळा. चिरा भट्टीतही जात नाही आणि त्यात सिमेंटही नाही, कार्बनमध्ये तो तुमच्यापेक्षा हलकाच आहे. जिथे भाजक्या विटा किंवा काँक्रीटचे भरीव ब्लॉक लागतात तिथे तुमचा माल द्या: आतल्या भिंती, कुंपणाच्या भिंती. उघडी भिंत ठेवायची तर छज्जा रुंद काढा आणि जोत्याचा पहिला थर चिऱ्याचा घ्या, नाहीतर कोकणच्या पावसात उडालेल्या पाण्याने खालचे ब्लॉक झिजतात आणि फरशीवर लाल ओघळ उतरतात.