हायब्रिडचे मायलेज: बॅटरीवर चालवणे म्हणजे बचत नव्हे

बी-२०३ : नमस्कार. अलीकडेच आम्ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणारी, गाडी घेतली आहे. घेताना सांगितलेले मायलेज आणि प्रत्यक्षात मिळणारे मायलेज यांत बराच फरक पडतो आहे. गाडी जास्तीत जास्त वेळ बॅटरीवर राहावी म्हणून मी अगदी सावकाश वेग वाढवते, ईव्हीचे (फक्त बॅटरीवर चालवण्याचे) बटणही शक्य तेव्हा चालू ठेवते, तरीही आकडा जागचा हलत नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी काही वर्षे आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ए-५०१ : ताई, मला वाटते अडचण तिथेच आहे. जी गाडी बाहेरून चार्ज करता येत नाही, तिच्या बॅटरीतली सगळी वीज शेवटी टाकीतल्या पेट्रोलमधूनच आलेली असते. एक तर इंजिनाने जनरेटर फिरवून ती तयार केलेली असते, नाहीतर पेट्रोल जाळून मिळवलेल्या वेगाचा काही भाग ब्रेक लावताना परत मिळालेला असतो. त्यामुळे ईव्हीचा दिवा किती वेळ लागला होता, यावरून बचत मोजू नये. बॅटरी बरीच उतरली की गाडी स्वतःहून इंजिन सुरू करून ती भरून काढते (अनेक गाड्यांत ती साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच राखली जाते), आणि भरताना व वापरताना अशी दोन्ही वेळा थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. बटण दाबून आपण हा फेरा फक्त पुढे ढकलतो. इंजिन कधी चालवायचे आणि कधी बंद ठेवायचे हा निर्णय गाडीवरच सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा सावकाश वेग वाढवण्याचा. पेट्रोल इंजिनाला फार हलका भार मानवत नाही, कारण भार कमी असला तरी घर्षण आणि हवा आत ओढण्याचा खर्च फारसा घटत नाही. २०१५ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीतील प्रियस या हायब्रिड गाडीच्या इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता ४० टक्के असल्याचे टोयोटाने जाहीर केले होते. परंतु ती ठरावीक फेऱ्यांवर आणि चांगल्या भाराखालीच मिळते, रांगत्या वेगात तेच इंजिन त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून थांब्यावरून निघताना समोरच्या डायलवरचा काटा इको (काटकसरीच्या) पट्ट्याच्या वरच्या भागात राहील इतपत अॅक्सिलरेटर मोकळेपणाने द्यावा, हवा तो वेग लवकर गाठावा आणि मग पाय उचलावा. पाय उचलल्याबरोबर इंजिन बंद होते. त्यानंतर पेडल किंचित, अगदी जाणवेल न जाणवेल इतके, पुन्हा दाबले की ऊर्जेचा प्रवाह दाखवणाऱ्या पडद्यावरचे बाण नाहीसे होतात: गाडी वीज घेतही नाही आणि भरतही नाही, केवळ आपल्या गतीवर पुढे सरकत राहते. वेग थोडा उतरला की पुन्हा इंजिनाला काम द्यावे. हायब्रिड चालवण्यातले खरे कौशल्य या घसरत जाण्यात आहे, आणि ते पायाला साधायला वेळ लागतो.

बी-२०३ : काका, पण ब्रेक लावल्यावर वीज परत मिळतेच ना? मग सिग्नलपर्यंत वेगात जाऊन ब्रेक लावला तर बिघडते कुठे?

ए-५०१ : परत मिळते, पण पुरती नाही. चाकापासून जनरेटर, तिथून बॅटरी, बॅटरीतून पुन्हा मोटर आणि मोटरपासून पुन्हा चाक, असा तिचा प्रवास असतो. उदाहरणादाखल चार टप्प्यांवर प्रत्येकी १० टक्के घट धरली, तर १०० भागांतले सुमारे ६६ भागच पुन्हा हाती लागतात. त्यामुळे क्रम असा समजावा की ब्रेकची गरजच न पडणे सर्वांत उत्तम, हलका ब्रेक त्याखालोखाल आणि जोराचा ब्रेक सर्वांत वाईट.

जोराचा ब्रेक वाईट का, याचेही एक गणित आहे. सुमारे १,४०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात साधारण १९४ किलोजूल गतिज ऊर्जा असते. ती ४ सेकंदांत थांबवली, तर सरासरी ४८ ते ४९ किलोवॅट इतका लोट निर्माण होतो. हायब्रिडची छोटी बॅटरी बहुधा एवढे एका वेळी घेऊच शकत नाही, आणि उरलेला भाग ब्रेकच्या डिस्कवर उष्णता होऊन जातो. तीच गाडी १० सेकंदांत थांबवली, तर सरासरी १९ किलोवॅटच्या आसपास येते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत जाऊ शकतो. पेडल पहिल्यांदा दाबताना बहुतांश काम मोटर करते, खोल दाबल्यावर डिस्क मदतीला येतात, आणि शेवटच्या अगदी कमी वेगात गाडी जवळजवळ पूर्णपणे डिस्कवरच थांबते. म्हणून सिग्नल लाल दिसताच लांबूनच पाय काढावा, अलगद ब्रेक लावावा. पुष्कळदा तिथे पोहोचेपर्यंत सिग्नल हिरवा होतो आणि थांबावेच लागत नाही.

सी-१०४ : मी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो. त्यामुळेही गाडी मोकळी धावते आणि पेट्रोल वाचते, असा माझा समज आहे.

डी-४०२ : तसे कृपया करू नका. न्यूट्रलमध्ये असताना मोटर वीज निर्माण करत नाही, त्यामुळे उतारावर फुकट मिळणारे चार्जिंग तुम्ही स्वतःहून नाकारता. शिवाय इंजिन चालू असले तरी न्यूट्रलमध्ये हायब्रिड बॅटरी भरली जात नाही. अचानक वेग वाढवायची वेळ आली तर गाडी प्रतिसाद देत नाही, हा धोका वेगळाच.

मी वर्कशॉपमध्ये काम करतो, म्हणून देखभालीबद्दलही थोडे लिहितो. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी आणि दाराच्या खांबावरील पट्टीवर लिहिल्याइतकी ठेवावी. हवा कमी असेल तर तुम्ही पायाने साधलेली सगळी बचत टायरच खाऊन टाकतात. इंजिन ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे; हायब्रिडला बहुधा पातळ ऑइल लागते, आणि दाट ऑइल जास्त चांगले असा आग्रह काही जण उगाच धरतात. अनेक गाड्यांत मागच्या सीटपाशी बॅटरीला थंड हवा देणारी जाळी असते. तिच्यावर पिशव्या किंवा चादर ठेवू नये आणि आतला फिल्टर वेळेवर साफ करून घ्यावा. बॅटरी तापली की गाडी तिच्याकडून कमी काम घेते आणि तो भार इंजिनावर येतो.

ए-१०२ : आमचा वापर फक्त जवळच्या कामांपुरता आहे. जेमतेम दोन किलोमीटर जायचे, परत यायचे. तेव्हा मायलेज फारच कमी दिसते. गाडीत दोष आहे का?

ए-५०१ : दोष नसावा, काकू. बराच वेळ उभी असलेली गाडी चालू केली की बॅटरी भरलेली असली तरी थोड्याच वेळात इंजिन सुरू होते, कारण इंजिन आणि धुरातले प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे दोन्ही तापल्याशिवाय नीट काम करत नाहीत. प्रवास दोन किलोमीटरचा असेल, तर बरेचसे पेट्रोल या तापवण्यातच जाते, आणि काम उरकून येईपर्यंत इंजिन पुन्हा थंड होऊ लागलेले असते. शक्य असेल तर दोन-तीन कामे एकाच फेरीत करावीत, आणि त्यांतले सर्वांत लांबचे काम आधी करावे. त्यामुळे इंजिन पुरते तापते आणि परतीच्या वाटेवरच्या छोट्या थांब्यांनंतर ते लवकर बंद होऊ शकते. गाडी चालू करून खाली कुणाची वाट पाहत थांबू नये. इंजिन तापणारच असेल, तर ते चालताना तापावे.

डी-४०२ : उभ्या गाडीत एसी चालू ठेवण्याचेही तसेच आहे. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो म्हणून इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो, मात्र ती वीज बॅटरीतून जाते आणि थोड्या वेळाने इंजिन सुरू होते. तापमान फार खाली न ठेवता सुसह्य ठेवावे आणि आतली हवाच फिरवावी.

सी-१०४ : हमरस्त्यावर मला शहरापेक्षा कमी मायलेज मिळते. हे उलटे नाही का?

ए-५०१ : हायब्रिडच्या बाबतीत ते अपेक्षितच आहे. हमरस्त्यावर ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे परत मिळवण्यासारखे फारसे नसते, आणि हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेलात, तर तेवढेच अंतर कापताना हवेला ढकलण्यासाठी सुमारे ५६ टक्के अधिक ऊर्जा लागते. तिथे कौशल्यापेक्षा वेग कमी ठेवणेच अधिक उपयोगी पडते. टपावरचा रिकामा कॅरियर काढून ठेवावा. क्रूझ कंट्रोल सपाट रस्त्यावर चांगला, परंतु चढउतारांवर तो ठरलेला वेग टिकवण्यासाठी चढावर इंजिनाला उगाच रेटतो. तिथे चढावर वेग थोडा पडू द्यावा आणि उतारावर तो आपोआप भरून येऊ द्यावा. अर्थात मागे वाहनांची रांग असताना हे प्रयोग करू नयेत. मागच्याला अकारण ब्रेक लावायला लावून वाचवलेले पेट्रोल ही काही बचत नव्हे.

बी-२०३ : मनःपूर्वक आभार. शेवटचा एकच प्रश्न. गिअरच्या दांड्यावर बी अशी एक खूण आहे. ब्रेक लावताना अधिक वीज मिळावी म्हणून ती वापरावी का?

डी-४०२ : ताई, रोजच्या वापरात नको. तुमच्यासारख्या गाड्यांत बी हा लांब, तीव्र उतारासाठी असतो. बॅटरी पूर्ण भरली की तिला आणखी वीज घेता येत नाही. अशा वेळी गाडी पेट्रोल न जाळता इंजिन नुसते फिरवून वेग आवरते, म्हणजे डिस्क तापत नाहीत. ती ऊर्जा परत मिळत नाही. घाट उतरताना बी जरूर वापरा आणि सपाटीला लागताच पुन्हा डी (नेहमी पुढे चालवण्याच्या खुणे) वर या.