आधी थर सैल झाला पाहिजे
प्रतिजैविकाची मात्रा वाढवली की जैवपटल (बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढलेला जिवाणूंचा थर) नष्ट होईल, हे मत मला पटत नाही. पावसाळ्यात म्हापशाच्या आमच्या विहिरीच्या चिऱ्यांवर चढलेला बुळबुळीत थर नुसते पाणी ओतून जात नाही, काथ्याने घासावाच लागतो. कॅथेटरमधील, म्हणजे शरीरात बसवलेल्या नळीतील, थरातही बहुशर्करा, प्रथिने आणि डीएनए यांच्या चिकट जाळ्यात खोलवरचे जिवाणू इतके मंदावलेले असतात, की वाढणाऱ्या पेशींवरच चालणारी पेनिसिलिनसारखी औषधे त्यांना सहसा मारू शकत नाहीत. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत आशादायक वाटते, परंतु पोटातून रक्तात ते फारच कमी शोषले जाते. माझा भरवसा ईडीटीए या रसायनावर अधिक आहे: ते कॅल्शियम व मॅग्नेशियम ओढून घेऊन जाळे सैल करते, आणि मग सोबत कॅथेटरमध्ये भरून ठेवलेले मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक आतल्या जिवाणूंपर्यंत पोहोचते.