ठिणगी नेमकी कुठे अडते?

स्टार्टर जोमाने फिरतो, प्लग नवे आहेत, तरीही पॉइंटवर (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उघडमीट संपर्कांवर) चालणारी ही जुनी गाडी सुरू होत नाही, असे आपण लिहिले आहे. त्यावर थेट कॉइल (बॅटरीच्या विजेचा दाब ठिणगीसाठी वाढवणारा भाग) बदलण्याचा जो सल्ला वर आला आहे, तो मला पटत नाही. कॉइलमधून येणारी मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना क्रमाने वीज वाटणाऱ्या भागाच्या) बाजूने काढावी, तिचे टोक कोरड्या, इन्सुलेटेड पकडीने इंजिनाच्या उघड्या धातूपासून साधारण 6 मिलिमीटरवर धरावे आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगावे (आसपास पेट्रोलचा वास येत असेल, तर हा प्रयोग मुळीच करू नये). निळसर, कडकडीत ठिणगी पडली, तर दोष पुढे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची कॅप (झाकण), आतला फिरता रोटर किंवा प्लगच्या वायरींमध्ये शोधावा. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर वीज बहुधा तिथूनच गळत असते.

ठिणगी नसेल, तर कॉइलचे ऋण टोक आणि बॉडी यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडून स्टार्टर फिरवावा. दिव्याची उघडझाप होत असेल, तर पॉइंट ठीक आहेत. तो सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांवर काजळी धरली आहे. पेटलाच नाही, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कॉइलमधून वीजच येत नाही. फिकट पिवळी ठिणगी आणि जळालेले पॉइंट एकत्र आढळले, तर मी आधी कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांवर उडणारी ठिणगी आवरणारा भाग) बदलतो.